पाण्याचे दर आणि प्रकल्पांचा वाढता खर्च: हरकत कुठे आणि केव्हा घ्यावी

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की पाण्याचे दर सलग तिसऱ्या वर्षी वाढले आहेत, घरोघरी काटकसर करून वापर कमी केला तरी बिलाची रक्कम चढतीच राहिली आहे, नव्या जलशुद्धीकरण केंद्राचा मंजुरीच्या वेळी सांगितलेला खर्च काम अर्धे होण्याआधीच दुपटीजवळ पोहोचला आहे, आणि जाहीर सभेत विचारणा केली की ‘दुसरा पर्याय नाही’ एवढेच उत्तर मिळते. हा संताप रास्त आहे का, नेमके काय विचारावे, आणि निषेध म्हणून बिल भरणे थांबवावे का, असे आपण विचारले आहे.

पाणीपुरवठ्याच्या दरनिश्चितीचे आणि प्रकल्पांच्या खर्चतपासणीचे काम मी दीर्घकाळ केले आहे. त्या आधारे सांगतो, की संताप रास्त आहे, मात्र तो बहुतेक वेळा उशिरा व्यक्त होतो. दरवाढीच्या सुनावणीला सभागृह भरते, पण ज्या बैठकीत प्रकल्पाच्या अंदाजपत्रकाला आणि त्यासाठी काढायच्या कर्जाला मंजुरी दिली जाते, तिथे रहिवाशांपैकी क्वचितच कोणी हजर असते. कर्जाचा करार झाला की पुढच्या वीस-तीस वर्षांचे हप्ते ठरून जातात. कर्ज देणारे बहुधा करारातच अशी अट घालतात की चालू खर्च भागवून उरणारे उत्पन्न हप्त्याच्या रकमेपेक्षा ठरावीक पटीने जास्त राहील, इतके दर ठेवावेच लागतील. अशी सही झाल्यानंतर दराच्या सुनावणीत टक्केवारीवर भांडणे म्हणजे वरातीमागून घोडे. ‘पर्याय नाही’ हे उत्तर त्या दिवशी खरेही असते, कारण पर्याय होता तो दोन-तीन वर्षांपूर्वी, कर्जाच्या ठरावाच्या वेळी.

कर्जाचे गणित प्रत्येक रहिवाशाने एकदा तरी स्वतः मांडून पाहावे, असे मला मनापासून वाटते. मुद्दल १०० धरा. वार्षिक ८ टक्के व्याजाने २० वर्षांत समान हप्त्यांनी ते फेडायचे असेल, तर वर्षाचा हप्ता सुमारे १०.२ होतो आणि एकूण परतफेड २०४ च्या आसपास जाते. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता ८.९ पर्यंत खाली येतो, म्हणून सभेत ती योजना ‘नागरिकांवर कमी भार टाकणारी’ म्हणून मांडली जाते. पण एकूण परतफेड २६६ वर जाते. व्याजदर ६ टक्के मिळाला, तर २० वर्षांच्या मुदतीतही हप्ता ८.७ राहतो आणि परतफेड १७४ वर थांबते. म्हणजे व्याज दोन टक्क्यांनी कमी मिळवले, तर मुदत दहा वर्षे लांबवल्याने हप्त्यात होते त्याहून जास्त बचत होते, आणि पुढच्या पिढीवर बोजाही पडत नाही. मुदत किती असावी याचा साधा निकष असा, की ती मालमत्तेच्या आयुष्यापेक्षा जास्त नसावी. पंधरा वर्षांत बदलावे लागणारे पंप तीस वर्षांच्या कर्जातून घेतले, तर जुन्या पंपांचे हप्ते चालू असतानाच नव्या पंपांचे हप्ते सुरू होतात.

कर्ज कसे गळ्याशी येते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या जेफर्सन काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे, आहे. तिथला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा नव्हता, सांडपाण्याचा होता, पण कर्जाची रीत तीच. सांडपाणी नद्यांत जात असल्याबद्दलच्या खटल्यात १९९६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार काउंटीने मलवाहिन्यांची दुरुस्ती हाती घेतली. काम गरजेचेच होते. मात्र खर्च फुगत गेला, कर्ज ३ अब्ज डॉलरच्या वर गेले, आणि ते बदलत्या व्याजदराच्या रोख्यांत आणि व्याजाच्या अदलाबदलीच्या (एका प्रकारचे व्याज देऊन दुसऱ्या प्रकारचे घेण्याच्या) गुंतागुंतीच्या करारांत अडकवले गेले. २००८ च्या आर्थिक संकटात व्याज एकदम भडकले. लाचखोरीची प्रकरणे बाहेर आली. काउंटी आयोगाचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड यांना २००९ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१३ मध्ये मान्य झालेल्या योजनेत कर्ज देणाऱ्यांनी मोठे नुकसान सोसले, तरी पहिली चार वर्षे दरसाल ७.४१ टक्के आणि त्यानंतर दरसाल ३.४९ टक्के दरवाढ रहिवाशांच्या माथी आलीच. त्या दरवाढीला विरोध करायला कितीही माणसे जमली असती, तरी बिल ठरले होते ते कित्येक वर्षे आधी, वाचायला किचकट अशा करारांवर सह्या झाल्या त्या दिवशी.

आता खर्च दुप्पट कसा होतो ते पाहू. भ्रष्टाचार हे एक कारण असते आणि ते नाकारण्याचे कारण नाही, परंतु तपासणी करताना मला जास्त वेळा दिसले ते कागदावर संपूर्णपणे नियमित असलेले फुगवटे. उदाहरणार्थ, जलवाहिनीच्या अंदाजपत्रकात खोदकामाच्या बाबी पाहा. मऊ माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे असतात, आणि कठीण खडकातले खोदकाम मातीच्या कित्येक पट महाग पडते. अंदाजपत्रक तयार करताना चाचणी-खड्डे पुरेसे घेतलेले नसले, की कठीण खडकाचे प्रमाण अंदाजाने कमी धरले जाते. एकूण आकडा त्यामुळे आटोपशीर दिसतो आणि मंजुरी सहज मिळते. काम सुरू झाल्यावर खडक लागतो, ठेकेदार वाढीव परिमाणाचे देयक मागतो, आणि ते देण्यावाचून गत्यंतर नसते, कारण खडक खरोखरच तिथे असतो. कित्येकदा निविदा भरणाऱ्याला जमिनीचा अंदाज अंदाजपत्रक करणाऱ्यापेक्षा चांगला असतो. ज्या बाबीचे परिमाण वाढणार हे त्याला ठाऊक असते तिथे तो दर चढा लावतो, ज्या बाबी रद्द होणार तिथे पडता लावतो, आणि एकूण बेरजेत सर्वांत कमी ठरून काम मिळवतो. म्हणून निविदेचा एकूण आकडा पाहून समाधान मानू नये. बाबनिहाय दरपत्रक मागावे, आणि ज्या बाबीत दर चढा आहे नेमकी तिचीच परिमाणे पुढे वाढली आहेत का, हे ताडून पाहावे. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. दोन रकाने शेजारी ठेवून वाचण्याची चिकाटी लागते.

याशिवाय मंजुरीनंतर जोडलेली कामे, जमीन ताब्यात येण्यातली दिरंगाई, रस्ते किंवा रेल्वे ओलांडण्याच्या परवानग्या आणि दिरंगाईमुळे लागू होणारे भाववाढीचे कलम ही नेहमीची कारणे आहेत. जागा हातात नसताना ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश देणे हे यातले सर्वांत महागडे, आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखे. मोठ्या धरणांबाबत ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये २४५ प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा महागाई वगळूनही प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त आढळला. सगळ्याच कामांचे असे होत नाही, तरीही त्यातून घेण्यासारखे आहे ते हे: अंदाजपत्रक मांडणाऱ्याला ‘आपण याआधी केलेल्या अशाच चार-पाच कामांचा अंदाज काय होता आणि शेवट काय झाला’ असे विचारावे, आणि त्या अनुभवाइतकी वाढ धरूनच दरावरचा परिणाम काढायला लावावा. मंजुरीच्या ठरावातच एक मर्यादा घालून घ्यावी, की खर्च ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला तर प्रकल्प पुन्हा जाहीर बैठकीपुढे आलाच पाहिजे. अशी अट आधी घातलेली असेल, तर वाढीव कामाच्या मान्यता बंद दाराआड तुकड्या-तुकड्याने घेता येत नाहीत.

पाणी येण्याआधीच पैसे वसूल करण्याबद्दलही लोक चिडतात. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात १९९९ मध्ये खाजगी कंपनीशी झालेल्या करारात मिसिकुनी धरण आणि बोगद्याच्या प्रकल्पाचा भार होता, शिवाय कंपनीला गुंतवणुकीवरच्या नफ्याची हमीही होती. जानेवारी २०००च्या बिलांत दर एकदम वाढले, कित्येक घरांचे दुपटीहून अधिक झाले, आणि नळाच्या पाण्यात मात्र काहीच फरक पडलेला नव्हता. शहर रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये करार संपुष्टात आला. तत्त्वतः बांधकाम चालू असताना थोडी वसुली करणे गैर नाही, कारण तेवढे व्याज वाचते. पण ती रक्कम बिलावर वेगळी दाखवलेली, मर्यादेने बांधलेली आणि काम थांबल्यास आपोआप बंद होणारी असावी. या तीन अटी नसतील, तर मी अशा आकारणीला रहिवाशांच्या बाजूने हरकतच घेईन.

आपण वापर कमी केला तरी बिल का वाढले, याचे उत्तर कडवट आहे. पाणीपुरवठ्याच्या खर्चातला फार मोठा भाग पाणी किती वापरले यावर अवलंबूनच नसतो. कर्जाचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार, वाहिन्यांची देखभाल, टाक्या आणि पंपगृहे हा खर्च नळ उघडा असो वा बंद, चालूच राहतो. वापरानुसार कमी-जास्त होते ती मुख्यतः पंपांची वीज, शुद्धीकरणाची रसायने आणि विकत घेतलेले कच्चे पाणी. वसुली मात्र बहुतांशी मीटरच्या आकड्यावर केली जाते. त्यामुळे सगळ्यांनी एकदम बचत केली की उत्पन्न झपाट्याने घटते, खर्च जेमतेम हलतो, आणि तूट भरून काढण्यासाठी दर वाढतो. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरात २०१५ ते २०१८ च्या दुष्काळात हे जगाने पाहिले. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली, लोकांनी शहराचा वापर निम्म्याहून खाली आणून दाखवला, आणि जुलै २०१८ पासून जोडणी किती मोठी आहे त्यानुसार ठरणारे, वापर कितीही असो तेवढेच राहणारे शुल्क बिलात जोडले गेले. कौतुकाऐवजी भुर्दंड पदरी पडला, ही तिथल्या लोकांची भावना मला समजते. लेखाशास्त्राच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय होता, पण संकटाच्या मध्यावर तो घेणे आणि आधी लोकांना विश्वासात न घेणे यांमुळे मने दुखावली.

तरीही बचत व्यर्थ जाते असे समजू नका. बचतीचा खरा लाभ यंदाच्या बिलात दिसत नाही, तर पुढचे धरण, पुढची वाहिनी, पुढचे शुद्धीकरण केंद्र लांबणीवर पडते त्यात असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वेस्टमिन्स्टर शहराने आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की १९८० ते २०१० या काळात माणशी वापर २१ टक्क्यांनी घटला नसता, तर वाढीव प्रकल्पांच्या खर्चामुळे दर सुमारे ९१ टक्क्यांनी जास्त असते. म्हणून आपल्या ठिकाणी विचारायचा प्रश्न असा आहे: नव्या केंद्राची क्षमता ठरवताना पाण्याची भावी मागणी कोणत्या वर्षाच्या वापरावरून काढली? बचतीपूर्वीच्या आकड्यांवरून काढली असेल, तर आपण न वापरणाऱ्या पाण्यासाठी केंद्र बांधत आहात आणि त्याचे हप्तेही भरणार आहात. क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत मोठी बचत याच एका प्रश्नातून निघते.

यानंतर गळती. सोडलेले पाणी आणि बिल झालेले पाणी यांतला फरक हा ज्या आकड्याकडे मी सर्वांत आधी पाहतो तो. समजा एकूण खर्च १,२०० आहे, १०० एकक पाणी सोडले जाते आणि ६० एककांचेच बिल होते. तर दर एककाला २० पडतो. बिल झालेले पाणी ७५ एककांवर नेले, तर तोच खर्च १६ च्या दराने भागतो. मात्र इथे दोन प्रकार नीट वेगळे करावेत. बंद किंवा संथ मीटर, नोंद नसलेल्या जोडण्या आणि बिलच न काढलेले ग्राहक यांमुळे होणारे नुकसान थांबवले की उत्पन्न थेट वाढते. जमिनीखालची गळती बंद केल्याने लगेच वाचते ती वीज आणि रसायने. वाचलेल्या पाण्याला ग्राहक असेल किंवा नवे केंद्र टळणार असेल, तेव्हाच मोठा फायदा होतो. अखंड पुरवठा असलेल्या भागात गळती ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मध्यरात्रीनंतर दोन ते चार या वेळात त्या भागाच्या मुख्य मीटरमधून जाणारा प्रवाह. माणसे झोपलेली असतात, तेव्हा वापर नगण्य असतो. तरीही प्रवाह दिवसाच्या सरासरीच्या निम्म्याजवळ असेल, तर पाणी कुठेतरी मुरते आहे. रात्रीच्या प्रवाहाची नोंदच ठेवली जात नाही असे उत्तर मिळाले, तर दरवाढ मागण्याआधी ती नोंद सुरू करा, असे सभेत स्पष्ट सांगावे.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथले काम या बाबतीत मला कायम अनुकरणीय वाटत आले आहे. १९९३ मध्ये एक सोन चान (Ek Sonn Chan) यांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे घेतली, तेव्हा सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्क्यांचे पैसे येत नव्हते. ग्राहकांची घरोघरी नोंद, प्रत्येक जोडणीला मीटर, जुन्या वाहिन्यांच्या जागी नव्या वाहिन्या आणि बडे थकबाकीदार असोत की सरकारी कार्यालये, सर्वांकडून सारखीच वसुली, या मार्गाने ते प्रमाण पुढे ६ टक्क्यांच्या आसपास आले. दरवाढ तिथेही झाली. ती तीन टप्प्यांत ठरली होती, पण उत्पन्नाने खर्च भागू लागल्यामुळे तिसरा टप्पा लागू करण्याची गरजच उरली नाही. आपल्या संस्थेकडेही थकबाकीची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने मागा. वरच्या नावांत घरगुती ग्राहक किती आणि सार्वजनिक कार्यालये व मोठ्या आस्थापना किती, हे पाहिल्यावर चर्चेचा रोख बदलतो.

दराची रचना हा स्वतंत्र विषय आहे, म्हणून दोनच गोष्टी. वापर वाढेल तसा दर चढत जाणारे टप्पे न्याय्य वाटतात, पण एका मीटरवर अनेक कुटुंबे असतील तर ती सगळी मिळून सर्वांत महाग टप्प्यात ढकलली जातात. अशा इमारतींसाठी टप्पे कुटुंबसंख्येने गुणून लावण्याची मागणी करावी. आणि ज्यांना बिल खरोखर झेपत नाही त्यांच्यासाठी सगळ्यांचाच दर कमी ठेवणे हा खर्चिक मार्ग आहे, कारण त्यात बागा आणि तरणतलाव असलेल्यांनाही सवलत मिळते. फिलाडेल्फिया शहराने २०१७ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे बिल त्यांच्या उत्पन्नाशी जोडले. तसा नेमका आधार मला अधिक योग्य वाटतो.

एक गोष्ट रहिवाशांना रुचणार नाही, तरी सांगणे भाग आहे. वर्षानुवर्षे दर गोठवून ठेवणारे लोकप्रतिनिधी आपले हित करत नसतात. त्या काळात बदलायच्या वाहिन्या बदलल्या जात नाहीत, राखीव निधी साठत नाही, आणि मग एकाच वेळी सगळे काम कर्ज काढून करावे लागते. दरसाल थोडी, कारणासह सांगितलेली वाढ ही दहा वर्षांनी बसणाऱ्या एका तडाख्यापेक्षा घराला कमी जड जाते. म्हणून मागील दहा वर्षांचे दर आणि त्याच वर्षांचा देखभालीवरचा प्रत्यक्ष खर्च सोबतच मागावा. पाण्याच्या खात्यातून इतर कामांकडे पैसे वळवले गेले का, हेही लेखापरीक्षणाच्या अहवालात पाहावे. स्वतंत्र खाते नसेल, तर ते उघडण्याची मागणी दरवाढीच्या विरोधापेक्षा आधी करावी.

आता शेवटचा प्रश्न, बिल भरणे थांबवावे का. आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून घरगुती पाणीआकार सुरू झाला. तत्पूर्वीच पाणीपुरवठ्यासाठी स्थापलेल्या नव्या राष्ट्रीय संस्थेने सल्लागारांवर कोट्यवधी युरो खर्च केल्याचे उघड झाले होते आणि काही भागांत पाणी उकळून पिण्याच्या सूचना चालू होत्या. देशभर मोर्चे निघाले, फार मोठ्या संख्येने लोकांनी बिले भरली नाहीत, २०१६ मध्ये आकारणी स्थगित झाली आणि २०१७ च्या कायद्याने भरलेले पैसे परत देण्यात आले. तो लढा देशव्यापी होता आणि त्याला संसदेत बळ मिळाले, म्हणून तो यशस्वी ठरला. खर्च मात्र नाहीसा झाला नाही. तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे करातून, भागवला जाऊ लागला.

एखाद्या वस्तीने किंवा एका शहराने बिल थांबवले, तर जोडणी तोडली जाते, दंड व व्याज चढते, आणि झळ बसते ती आधी हातावर पोट असलेल्या कुटुंबांना. त्यामुळे माझा सल्ला असा, की बिल मुदतीत भरावे, मात्र सोबत लेखी पत्र द्यावे की हरकत कायम राखून रक्कम भरत आहोत, आणि त्या पत्राची पोच घ्यावी. त्याच पत्रात प्रकल्पाचे मूळ आणि सुधारित अंदाजपत्रक, बाबनिहाय दरपत्रक, वाढीव कामांच्या मान्यता, कर्जकरारातील दरासंबंधीच्या अटी, गेल्या पाच वर्षांत सोडलेल्या आणि बिल झालेल्या पाण्याचे आकडे आणि थकबाकीची यादी मागावी. काम अजून अर्धेही झालेले नसल्याने उरलेल्या कामाबद्दलचे निर्णय अजून व्हायचे आहेत. उरलेल्या कामातली क्षमता कमी करता येईल का आणि उरलेले कर्ज कमी व्याजाने घेता येईल का, हे दोन विषय पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावेत यासाठी तिची तारीख आजच विचारून घ्या, आणि दराच्या सुनावणीला जितकी माणसे आली होती तितकीच त्या बैठकीलाही न्या.